खिशाला विचारून पिस्तूल घेतलंस

ह्यूस्टनमध्ये मे महिना लागला, घामाच्या धारा सुरू झाल्या, अंगावर टी-शर्ट आणि हाफपँटखेरीज काही नकोसं झालं, म्हणून तू दुकानात गेलास आणि म्हणालास, “तुमच्याकडचं सगळ्यात लहान पिस्तूल दाखवा.” विक्रेत्याने काचेखालून रुगर एलसीपी काढून दिलं. तू ते खिशात जातंय का ते पाहिलंस, बाहेरून दिसत नाही म्हणून खूश झालास आणि कार्ड पुढे केलंस. मूठ हातात नीट बसते का? स्लाइड ओढता येते का? एक गोळी तरी झाडून पाहिलीस? लॅपटॉप घेताना महिना-महिना घोळ घालणारा माणूस तू, आणि जी वस्तू एका क्षणात माणूस मारू शकते ती खिशाच्या मापावर घेऊन आलास.

शनिवारी रेंजवर तू ते बाहेर काढलंस, तेव्हा मी जे पाहिलं ते स्पष्ट सांगतो. ते होल्स्टरमध्ये नव्हतं. नुसतंच खिशात होतं, चेंबरमध्ये काडतूस भरलेलं, आणि त्याच खिशात गाडीची किल्ली. ट्रिगरवर काहीही आवरण नाही. त्या एलसीपीला हाताने लावायचा सेफ्टीचा खटका नाही, हे तुला ठाऊक होतं का? लांब ओढीचा ट्रिगर हीच त्याची मुख्य राखण. किल्लीचं टोक तिथे अडकलं असतं आणि तू घाईने हात वर ओढला असतास, तर गोळी तुझ्या मांडीतून आरपार गेली असती. मांडीत मोठी रोहिणी असते आणि ती फाटली तर अँब्युलन्स येईपर्यंत माणूस दगावू शकतो. तुझी तीन वर्षांची मुलगी त्याच मांडीवर बसते.

मग तू स्लाइड ओढायला गेलास. दोन बोटांच्या चिमटीत धरलीस, ती सुटली, परत धरलीस, आणि या झटापटीत नळीचं तोंड शेजारच्या बाईंकडे वळलं. मी तुझं मनगट धरलं म्हणून तुला राग आला. येऊ दे. हत्यार हाताळण्याचे जेफ कूपरचे चार नियम पहिल्या दिवशी पाठ करून घेतले होते: प्रत्येक हत्यार भरलेलंच समजायचं, ज्याचा नाश करायचा नाही त्याच्याकडे तोंड वळवायचं नाही, नेम लागेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर, नेमाच्या जागी आणि तिच्या मागे काय आहे ते माहीत असल्याशिवाय गोळी नाही. चारांपैकी दोन तू पहिल्या पाच मिनिटांत मोडलेस.

आणि नेम? सात यार्डांवर, म्हणजे जेमतेम साडेसहा मीटरवर, तुझ्या गोळ्या कागदभर विखुरल्या. काही कागदालाही लागल्या नाहीत. तुला वाटलं पिस्तुलात खोट आहे. पिस्तूल ठीक होतं. तू इंजिनियर आहेस, हिशोब तुला समजायला हवा. एलसीपी रिकामं असताना पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरतं. मी वर्गात शिकवतो ते ग्लॉक १९ सहाशे ग्रॅमच्या घरात. काडतूस तेच ठेवून पिस्तुलाचं वजन निम्मं केलं, तर हाताकडे उलट येणारी ऊर्जा दुप्पट होते. एलसीपीचं .३८० काडतूस सौम्य आहे, पण लहान देहामुळे तो सौम्यपणा संपतो. मूठ इतकी आखूड की तुझी करंगळी हवेत लोंबकळत होती, म्हणजे धक्का पेलायला एक बोट कमी. पुढची आणि मागची साइट एकमेकींजवळ असल्याने हाताची केसभर चूक कागदावर वीतभर होते. हलकी स्लाइड वेगाने मागे येते, तिला आवरायला ताठ स्प्रिंग लागते, म्हणून ती ओढता ओढता तुझ्या नाकी नऊ आले. मनगट सैल पडलं की अशी पिस्तुलं अडकतातही. शनिवारी ते दोनदा झालं.

दुकानात नवख्यांना, आणि विशेषतः बायकांना, “लहान आहे, तुम्हाला सोपं जाईल” असं सांगितलं जातं. हे मला सहन होत नाही. लहान पिस्तूल चालवायला सगळ्यात अवघड असतं, ते मुरलेल्या हातासाठी असतं. स्मिथ अँड वेसनने १९५० मध्ये चीफ्स स्पेशल हे पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्व्हर आणलं. पुढे कितीतरी पोलिसांनी अशी रिव्हॉल्व्हरं घोट्याशी किंवा खिशात ठेवली, पण दुसरं हत्यार म्हणून. कमरेला मोठं होतंच. त्याच घराण्यातलं आजचं ६४२ मॉडेल चारशे ग्रॅमच्या आसपास आहे, बाहेर घोडा नाही म्हणून खिशातून अडखळल्याशिवाय निघतं, माझ्या मते खिशासाठी फार सुरेख हत्यार. पण त्याच्या जड ट्रिगरवर नेम धरायला सराव लागतो, खूप लागतो. तुझ्याकडे सराव शून्य, आणि तू आधी कळस मग पाया बांधायला निघालास.

आता गोळीबद्दल. एप्रिल १९८६ मध्ये मायामीतल्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले. एका हल्लेखोराच्या दंडातून छातीत शिरलेली गोळी हृदयापर्यंत पोचली नव्हती, आणि तो त्यानंतरही लढत राहिला. त्या घटनेनंतर एफबीआयने गोळ्यांची कसोटी नव्याने बांधली: जिलेटिनच्या ठोकळ्यात, समोर जाड कापड ठेवूनही, गोळी किमान १२ इंच आत गेली पाहिजे आणि १८ इंचांहून फार पुढे जाता कामा नये. एलसीपीच्या पावणेतीन इंची नळीतून .३८० ची पोकळ टोकाची गोळी बऱ्याचदा या मापात बसत नाही. फुलली तर उथळ राहते, खोल गेली तर फुलत नाही. .३८० कुचकामी आहे असं मी म्हणत नाही. जागेवर लागलेली .३८० ही चुकलेल्या ९ मिलिमीटरपेक्षा लाख पटीने बरी. पण तुझी जागेवर लागत नाही, मुद्दा तो आहे. आणि चुकलेली गोळी हवेत विरत नाही. तुझ्या अपार्टमेंटच्या भिंती ड्रायवॉलच्या आहेत, पलीकडे कोण झोपतं ते तुला माहीत आहे.

उन्हाळ्यात लहान पिस्तूल लागतं हे मला मान्य आहे. सहाशे ग्रॅमचं धूड टी-शर्टखाली वागवणं सगळ्यांना जमत नाही. पण “लहान” आणि “सगळ्यात लहान” यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. २०१८ मध्ये सिगने पी३६५ आणलं: जेमतेम इंचभर जाडी, पाचशे ग्रॅमच्या आसपास वजन, आणि मॅगझिनमध्ये ९ मिलिमीटरच्या दहा गोळ्या. तोवर या आकारात सहा-सात गोळ्यांवर समाधान मानावं लागे. पुढच्याच वर्षी स्प्रिंगफील्डचं हेलकॅट आलं, ग्लॉकचं ४३एक्स आलं. यांच्यावर अख्खी मूठ बसते किंवा जवळजवळ बसते. स्लाइड ओढायला त्रास होत असेल तर स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी बघ, ते त्याच अडचणीसाठी बनवलंय. पी३६५ सुद्धा .३८० मध्ये मिळतं आणि त्या वजनात .३८० खरोखर सौम्य लागतं. ही सगळी रेंजवर भाड्याने मिळतात. प्रत्येकाच्या पन्नास गोळ्या झाड. जे तुझ्या हातात बसेल ते घे. माझ्या शिफारशीवर घेऊ नकोस आणि विक्रेत्याच्या तर मुळीच नको.

कपड्यांचं नंतर बघता येतं, आणि ते वाटतं तितकं अवघड नाही. अंगाला चिकटणारा पांढरा टी-शर्ट सोड. एक माप मोठा, गडद किंवा चौकड्यांचा, खाली सरळ कापलेला शर्ट घे. नक्षीत पिस्तुलाची कड हरवते. उंचवटा बहुधा मुठीचाच दिसतो, नळीचा नाही, म्हणून नळी आखूड हवी असा हट्ट धरू नकोस. खरा फरक पडतो तो पट्ट्याने. तुझा तो मऊ पट्टा पिस्तुलाच्या वजनाने लवेल, मूठ बाहेर झुकेल आणि सारखा तुझा हात तिकडे जाईल. आताही जातोच: शनिवारी पार्किंगमध्ये तू किती वेळा खिसा चाचपलास! बघणाऱ्याला पिस्तूल दिसलं नाही तरी तो हात दिसतो. ताठ पट्टा आणि ट्रिगर पूर्ण झाकणारं कायडेक्सचं होल्स्टर, यांवर पैसे घाल. पट्टा लावायचे कपडे घालायचेच नसतील तर फ्लस्टर एनिग्मासारखी स्वतंत्र पट्ट्यावरची होल्स्टरं मिळतात, ती इलास्टिकच्या पँटखालीही बसतात. खिशातच ठेवायचं असेल तर खिशाचं होल्स्टर हवं आणि त्या खिशात दुसरं काही नको. किल्ली, नाणं, च्युइंगगम, काही नको.

होल्स्टरशिवाय काय होतं त्याचा दाखला जगजाहीर आहे. प्लॅक्सिको बरेस, न्यूयॉर्क जायंट्सचा खेळाडू, फेब्रुवारी २००८ मध्ये सुपर बोल जिंकून देणारा झेल त्याचा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो स्वेटपँटच्या कमरेत ग्लॉक नुसतंच खोचून नाइटक्लबमध्ये गेला. पिस्तूल पायावरून घसरलं, ते धरायला त्याने झडप घातली आणि गोळी त्याच्याच मांडीत गेली. न्यूयॉर्कचं लायसन्स नव्हतं, दोन वर्षांची शिक्षा झाली.

होल्स्टर घेतलंस की पिस्तूल त्यात परत घालताना घाई करू नकोस. शर्टाचं टोक किंवा जॅकेटच्या दोरीची गाठ ट्रिगरजवळ गुंतते आणि गोळी सुटते. शर्ट वर धर, खाली बघ, सावकाश घाल. रोज रात्री घाम पुसून काढ. खारट घामाने पोलादाला गंज चढतो, आणि खिशातल्या कापडाचे तंतू नळीत आणि ट्रिगरच्या फटीत जाऊन बसतात. तेच काडतूस पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये भरू नकोस. टोक आत दाबलं जातं आणि झाडताना दाब वाढतो.

“देवळात जाताना बायकोच्या पर्समध्ये ठेवतो,” असं तू किती सहज म्हणालास. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहोतल्या हेडन गावी, वॉलमार्टमध्ये, दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधून पिस्तूल काढलं आणि आई जागच्या जागी गेली. ती पर्स पिस्तुलासाठीच बनवलेली होती, त्यासाठी वेगळा कप्पा होता. पर्स खुर्चीवर राहते, ट्रॉलीत राहते, मुलांच्या हाताला लागते. तुझी मुलगी आईच्या पर्समधून लिपस्टिक काढते हे तूच कौतुकाने सांगतोस. लहान मुलाच्या हाती भरलेलं हत्यार लागू देणं हा टेक्सासमध्ये गुन्हाही आहे, पण तुला कायद्याची भीती घालावी लागत असेल तर तू पिस्तूल ठेवूच नये.

तरी कायदा ऐक, कारण आपल्या मराठी मंडळातली माणसं त्याबद्दल छातीठोकपणे चुकीचं बोलतात. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये २१ वर्षं पुरी केलेल्या, अपात्र नसलेल्या माणसाला लायसन्सशिवाय हँडगन बाळगता येते, हे खरं. पण शाळेच्या आवारापासून १००० फुटांत भरलेलं हत्यार नेण्यावर फेडरल कायद्याची बंदी आहे, आणि त्यातून सूट आहे ती राज्याचं लायसन्स असणाऱ्याला. लायसन्स काढ. त्या परीक्षेत ३, ७ आणि १५ यार्डांवरून पन्नास गोळ्या असतात, २५० पैकी १७५ गुण लागतात. शनिवारच्या हाताने तू नापास होशील. आणि लायसन्स असलं तरी शाळेच्या इमारतीत पिस्तूल नेता येत नाही. गणेशोत्सवासाठी मंडळ शाळेचा हॉल भाड्याने घेतं, तिथे झब्ब्याखाली पिस्तूल घेऊन आरतीला उभा राहिलास तर दोन ते दहा वर्षांच्या कैदेचा गुन्हा. बारच्या दारावर लाल ‘५१’ ची पाटी असेल तर तिथेही नाही. पोस्टात नाही.

तुझा चुलतभाऊ एच-वन-बी व्हिसावर आलाय, त्याला तू हौसेने ते हातात दिलंस. ग्रीन कार्डवाल्याला चालतं. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला शिकारीचं वैध लायसन्स वगैरे मोजके अपवाद सोडले तर हत्यार बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे, शिक्षा पंधरा वर्षांपर्यंत. त्याचं आख्खं आयुष्य तू पाच मिनिटांच्या हौसेसाठी पणाला लावलंस. आणि रेंजला नेतोस ती बॅग भारतात जाताना वापरू नकोस. तळाशी राहिलेलं एक काडतूस मुंबई विमानतळावर आर्म्स अॅक्टखाली गुन्हा नोंदवायला पुरतं.

हे सगळं तुला सगळ्यांसमोर बोललो नाही, पण बोलायला हवं होतं, कारण वर्गातल्या निम्म्या लोकांनी हेच केलंय. घाबरून पिस्तूल घेतलं, उकडतं म्हणून लहान घेतलं, आणि खिशात पडलंय म्हणून आपण सुरक्षित झालो अशी समजूत करून घेतली. गणपतीच्या झब्ब्यात ते बसत नसेल तर त्या दिवशी घरी कुलपात ठेव. उन्हाळ्यातले काही दिवस, काही जागा, काही कपडे असे असणारच की पिस्तूल बरोबर नसेल. त्याची सवय कर.

येत्या शनिवारी सकाळी रेंजवर ये. एलसीपी रिकामं करून, डब्यात बंद करून आण, मॅगझिन वेगळं. ताठ पट्टा घेऊन ये. पहिला तास गोळी मिळणार नाही, रिकाम्या पिस्तुलावर फक्त मूठ आणि ट्रिगर. मग भाड्याची तीन पिस्तुलं झाडशील आणि हाताला बसेल ते निवडशील. तोपर्यंत ते घराबाहेर काढायचं नाही, आणि आज रात्री मुलगी झोपायच्या आत ते कुलपात गेलं पाहिजे.