कात्री आणि आठवण

दिवाळी तोंडावर आली, की माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरतात. झाडलोट हे निमित्त असते. खरे पाहता त्या चार दिवसांत प्रत्येक घर आपल्या जुन्या कपड्यांचा निवाडा करायला बसलेले असते. हे धाकट्याला होईल, हे कुणा गरजूला द्यावे, हे पुसायला काढावे. पूर्वी या न्यायसभेत बोहारणीलाही मानाचे स्थान असे. चार जरीच्या साड्या टोपलीत पडत आणि त्यांच्या बदल्यात एक पातेले घरात येई. आता बोहारीण दारावर क्वचितच दिसते. पण निवाडा काही टळलेला नाही. उलट तो अधिक अवघड झाला आहे. कारण ट्रंकेच्या तळाशी आता एक नवा आरोपी सापडतो. तो जुना झालेला असतो, पण फाटलेला नसतो. अंगाला होत नाही आणि टाकवतही नाही. हा आरोपी म्हणजे आठवणीचा टी-शर्ट.

आमच्या कोल्हापुरात या कपड्याचे पीक उदंड आहे. गणपती जवळ आले, की तालमी-तालमींचे आणि मंडळा-मंडळांचे टी-शर्ट छापून येतात. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा किंवा बालगोपाल यांचा सामना असला, म्हणजे माणसाची पेठ त्याच्या अंगावरच्या रंगावरून ओळखावी. त्यांत शाळेच्या सहलीचा एक, धावण्याच्या शर्यतीचा एक, गोव्याहून कुणी आणलेला एक अशी भर पडत जाते. दहा-पंधरा वर्षांत एका मुलाचे सारे तारुण्य घडी घालून ट्रंकेत बसलेले असते.

या टी-शर्टांचे चौकोन कापून, ते एकमेकांना जोडून पांघरूण शिवण्याची रीत अमेरिकेत बरीच रुळलेली आहे. आपल्याकडेही अशी पांघरुणे शिवून देणारे आता निघाले आहेत. ऐकायला ही गोष्ट सोपी वाटते. पण कात्री हातात घेतली, की हात थबकतो. आठवण जपण्यासाठी आठवणीची वस्तूच कापायची, हे जपणे झाले की मोडणे?

हा प्रश्न आपल्या आज्यांना पडला नसता. त्यांनी आयुष्यभर जुनेरे फाडली आणि त्यांच्या वाकळा शिवल्या. दुसरीकडे जिला गोधडी म्हणतात, ती आमच्याकडची वाकळ. शेजारच्या कानडी मुलखात तिला कौदी म्हणतात. विटलेली लुगडी, धोतरांची पाने, पोरांची झबली थरावर थर अंथरायची आणि कडेपासून धावदोरा घालत घालत मध्यभागाकडे यायचे. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका अशाच शिवलेल्या कौदीच्या चारी कोपऱ्यांवर त्रिकोणी घड्यांची फुले बसवतात. फुलांवाचूनची कौदी त्यांना उघडी-नागडी वाटते. दारिद्र्यातसुद्धा माणूस फुलाची हौस सोडत नाही, हे त्या कोपऱ्यांवरून कळते.

पण वाकळेबद्दल फार हळवे होऊ नये. ती मुळात गरजेची लेक होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०६ साली कापडाची गिरणी काढली, इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग सुरू झाला. तरी या मुलखात चिंधी फेकून देण्याची ऐपत फार थोड्या घरांना होती. थंडी वाजत होती, नवी रजई परवडत नव्हती, म्हणून जुनेर फाडले जाई. आठवण जपणे हा त्यामागचा हेतू नव्हता. आठवण तिथे आपल्या पावलांनी आली. “हा तुकडा तुझ्या आजोबांच्या पटक्याचा, हा तुझ्या आत्याच्या लग्नातल्या लुगड्याचा,” असे कुणी अंधारात बोट ठेवून सांगितले, आणि पांघरुणाचा इतिहास झाला.

आजच्या टी-शर्टाचे गणित याच्या उलट आहे. तो मुळी आठवण म्हणूनच छापलेला असतो. अंगावर चढण्याआधीच त्याच्या छातीवर साल आणि प्रसंग नोंदलेला असतो. परंतु छापलेली आठवण ही न वठवलेल्या हुंडीसारखी असते. तो घालून कुणी घाम गाळला, गुलाल अंगावर घेतला, सामना हरल्यावर त्याच्याच बाहीने डोळे पुसले, तरच त्या कागदाचे नाणे होते. आणि हे जर खरे असेल, तर कपड्यातली आठवण वापराने येते, नुसत्या ठेवण्याने येत नाही, हेही मानावे लागेल.

माझ्या माहितीतल्या एका घरात हा वाद प्रत्यक्ष उभा राहिला. धाकटा मुलगा तालमीकडून फुटबॉल खेळायचा. ऐन पंचविशीत आजाराने गेला. मागे चौदा टी-शर्ट राहिले. वर्ष उलटल्यावर आईने ते बाहेर काढले आणि वाकळ शिवायची म्हणून कात्री घेतली. थोरल्याने तिचा हात धरला.

“आई, त्याला कात्री लावू नकोस. त्याचं म्हणून एवढंच राहिलंय.”

“राहिलंय म्हणूनच लावते,” ती म्हणाली. “पेटीत ठेवून त्याची ऊब कुणाला मिळती रे, बाळा?”

या दोघांत चूक कोण? मला विचाराल, तर कुणीच नाही. थोरला वस्तूच्या अखंडपणाला जपत होता. भावाच्या देहाने ज्या आकाराला भरले, तो आकार त्याला मोडू द्यायचा नव्हता. आई त्या वस्तूचे काम जपत होती. कपड्याचे काम अंग झाकणे. ते थांबले, म्हणजे तिच्या लेखी कपडाही गेला. एकाला मूर्ती हवी होती, दुसरीला प्रसाद.

मूर्तीच्या बाजूने एक मोठा मुद्दा आहे. कात्री माघारी घेता येत नाही. शिवण उसवता येते, रंग पुन्हा देता येतो. कापलेले कापड मात्र पुन्हा सलग होत नाही. जे परत करता येत नाही, ते करण्यापूर्वी माणसाने दहादा थांबावे, हा व्यवहाराचा आणि नीतीचाही नियम आहे. प्रसादाच्या बाजूचा मुद्दाही लहान नाही. न कापलेले कापड तरी सलग राहते काय? कसर लागते, घड्यांवर पिवळे डाग पडतात. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळची ४३ फुटांची धोक्याची पातळी मागे टाकून ५५ फूट गाठले. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. पाणी ओसरल्यावर रस्तोरस्ती भिजलेल्या गाद्यांचे आणि कपड्यांचे ढीग पडले होते. जपून ठेवलेले आणि वापरातले असा भेद पाण्याने केला नाही. आपण कापले नाही, तरी काळ कापतोच. आणि तो चौकोन मोजून कापत नाही.

कापण्याला आपल्याकडे एक जुना आधारही आहे. बौद्ध भिक्षूंचे चीवर तुकडे जोडून शिवलेले असते. मगधातली बांधांनी आखलेली शेते पाहून बुद्धाने आनंदाला तसे चीवर करायला सांगितले, अशी कथा विनयपिटकात आहे. कापलेल्या वस्त्राला बाजारात मोल उरत नाही, म्हणून त्याचा लोभ कुणाला धरवत नाही, हा त्यातला मर्म. गाडगेमहाराजही चिंध्यांचे वस्त्र पांघरीत आणि म्हणून लोक त्यांना गोधडेमहाराज म्हणत. कात्री लागली, की वस्तूची किंमत जाते आणि केवळ उपयोग उरतो. दाखवण्याचा मोह संपतो, पांघरण्याचे सुख सुरू होते.

जगातल्या सर्वांत मोठ्या वाकळेचे उदाहरण याहून बोलके आहे. एड्सने गेलेल्यांच्या आप्तमित्रांनी शिवलेले तुकडे जोडून केलेले एक पांघरूण ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या हिरवळीवर अंथरले गेले. त्यात १,९२० तुकडे होते; प्रत्येक ३ फूट रुंद, ६ फूट लांब, म्हणजे एका कबरीएवढा. मृतांचे शर्ट, विजारी, नावे सारे त्यात शिवलेले होते. ज्या काळात या रोग्यांचे नाव घ्यायला लोक कचरत, त्या काळात ती नावे उघड्या आकाशाखाली मांडली गेली. तेच शर्ट घरोघरच्या कपाटांत अखंड राहिले असते, तर ते एकेका घराचे गुपित राहिले असते. कापले आणि जोडले गेल्यामुळे ते समाजाला विचारलेला प्रश्न झाले.

तर मग कापावे, असाच निकाल द्यायचा काय? मला वाटते, निकाल कापडावर अवलंबून नाही. तो हक्कावर अवलंबून आहे. आठवण एकाची नसते. आईला वाटते मुलगा आपला, भावाला वाटते भाऊ आपला, आणि दोघांचेही खरे असते. ज्या वस्तूत दोघांचा वाटा आहे, तिच्यावर एकाने कात्री चालवणे हा प्रेमाच्या नावाखाली केलेला अन्याय ठरेल. तसेच एकाने कुलूप लावून बसणे हाही अन्यायच. त्या घरातल्या आईने हे कुणी न शिकवता ओळखले. तिने कात्री खाली ठेवली ती दोन महिने. मग एके दिवशी थोरल्याने आपण होऊन एक टी-शर्ट बाजूला काढला आणि बाकीचे तेरा तिच्यापुढे ठेवले. वाकळ त्यानंतर झाली. ते दोन महिने हीच माझ्या मते त्या वाकळेची पहिली शिवण.

ही शिवण कशी घालतात, हेही सांगण्यासारखे आहे. लुगडे हे ताण्याबाण्याचे कापड; सुई घातली तरी ते जागा सोडत नाही. टी-शर्ट असतो फासांनी गुंफलेला, ओढावा तसा ताणणारा. तो तसाच कापला, तर कडा गुंडाळतात आणि चौकोनाचा चौकोन राहत नाही. म्हणून आधी मागून अस्तर डकवून घ्यावे लागते. मैदानावरचे जर्सीचे कापड तर कृत्रिम धाग्याचे. इस्त्री जरा तापली, की वितळायचे. आठवणीचा स्वभाव मला याहून निराळा वाटत नाही. ताणू तशी ती ताणते. गेलेला माणूस वर्षावर्षाला अधिक गुणी होत जातो, त्याचा प्रत्येक गोल अधिक लांबून मारलेला ठरतो. तिला रोजच्या वापराचे खरखरीत अस्तर लागते, म्हणजे ती आपल्या मापात राहते. आणि फार तापवून चालत नाही, हेही आहेच.

तीसुद्धा एक दिवस विरेल. मग वरून नवे कापड चढवावे लागेल. जहाजाच्या साऱ्या फळ्या बदलल्यावर ते जहाज तेच राहिले काय, असा प्रश्न ग्रीक पंडितांनी थेसिअसच्या जहाजावरून फार पूर्वी घातला. आमच्या बायकांनी विरलेल्या वाकळेवर नवे जुनेर चढवले आणि तिला तीच वाकळ म्हटले. उत्तर देण्याची ही त्यांची पद्धत होती. पोताचा धागा बदलला, तरी तिच्याखाली झोपणाऱ्यांचे नाते तुटले नाही, म्हणून ती तीच.

यंदा ट्रंक उघडाल, तेव्हा तळाशी तो टी-शर्ट सापडेलच. त्याला कात्री लावायची की नाही, हे लगेच ठरवण्याची घाई नाही. आधी घरातल्या सर्वांना बोलवा आणि प्रत्येकाला तो कुठला आहे, ते सांगू द्या. पाच जणांच्या पाच हकीकती निघतील, आणि त्यांतल्या दोन तरी एकमेकींशी जुळणार नाहीत. त्या ऐकून झाल्यावर कापड अखंड राहिले काय किंवा त्याचे चौकोन झाले काय, दोन्ही सारखेच योग्य. न ऐकता मात्र ते कापूही नये आणि पुन्हा कुलूपबंदही करू नये.