सौरभला, ऑफिस निवडण्याआधी

ठाणे

चि. सौरभ,



महारेराची एजंटची परीक्षा पास झालास, सक्षमता प्रमाणपत्र आलं, हे तुझ्या आईने फोनवर सांगितलं. मला फार बरं वाटलं. आम्ही या धंद्यात आलो तेव्हा ना परीक्षा होती ना नोंदणी. ज्याच्याकडे चाव्यांचा जुडगा तो एजंट. २०२३ मध्ये महारेराने प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली तेव्हा माझ्या बरोबरीचे बरेचजण कुरकुरले. मला वाटतं, हे आधीच व्हायला हवं होतं.

आता तुझ्या तीन ऑफर्सबद्दल. एक मोठी कंपनी, पगार आणि टार्गेट. दुसरी घोडबंदर रोडची चॅनल पार्टनर फर्म, म्हणजे बिल्डरची घरं ब्रोकरेजवर विकणारी, पगार नाही पण ब्रोकरेजचे ७० टक्के तुझे. तिसरं नौपाड्यातलं दोन खोल्यांचं ऑफिस, रिसेल आणि भाड्याची कामं, तुला ४० टक्के. तुझा ओढा सत्तरकडे आहे, हे तुझ्या मेसेजवरूनच कळलं.

सत्तर टक्के कशाचे आणि कधी, हे आधी विचार. बिल्डरकडची ब्रोकरेज बुकिंगच्या दिवशी मिळत नाही. करारनामा रजिस्टर व्हायला हवा, ग्राहकाचे ठरलेले पैसे जमा व्हायला हवेत, मग फर्म बिल लावणार, टीडीएस कापून पैसे येणार, आणि त्यानंतर तुझा वाटा. यात महिने जातात. मधे ग्राहकाने बुकिंग रद्द केलं तर हाती काहीच नाही. तेव्हा मालकाला सरळ विचार की मागच्या काही बुकिंगचे पैसे मुलांना किती दिवसांनी दिले. शिवाय तिथे काम करणाऱ्या एखाद्या मुलाला ऑफिसबाहेर चहाला ने आणि हाच प्रश्न त्यालाही विचार. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर पुढे बोलायची गरज नाही.

टॅगिंग, म्हणजे ग्राहक कोणाच्या नावावर नोंदला जातो, ते नीट समजून घे. तू ग्राहकाला साइटवर नेतोस, रिसेप्शनवर त्याचा मोबाइल नंबर टाकतात, आणि तो आधीच दुसऱ्या चॅनल पार्टनरच्या किंवा बिल्डरच्या स्वतःच्या जाहिरातीच्या नावावर चढलेला असतो. चार रविवार तू त्याला फिरवलंस, त्याच्या सासूबाईंना पार्किंग दाखवलंस, त्याला काही किंमत नाही. अशा वेळी बिल्डरच्या सोर्सिंग मॅनेजरशी तुझ्यासाठी कोण भांडणार? काही मालक स्वतः साइटवर जाऊन बसतात. काही म्हणतात, ‘सोड रे, पुढचा बघ.’ पहिल्या प्रकारच्या मालकाकडे ५० टक्क्यांवरही राहावं.

मोठ्या कंपनीबद्दल माझं मत वाईट नाही. पगार वेळेवर होतो, बोलायची शिस्त लागते. पण तिथे तू दिवसभर फोन करशील, साइटवर ग्राहक आणून क्लोजिंगवाल्यांच्या हाती देशील, आणि कागद तुझ्या हातात कधी येणारच नाही. दोन वर्षांनी तुला एका प्रकल्पाचा कार्पेट एरिया तोंडपाठ असेल, पण जुन्या सोसायटीतला फ्लॅट विकायला आला तर फाइल कुठून उघडायची हे कळणार नाही.

म्हणून मी नौपाड्याकडे झुकते. रिसेलची एक फाइल बघ. पहिल्या मालकापासूनचे सगळे करारनामे, प्रत्येकाचा इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची एनओसी, इमारतीची ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, कर्ज असेल तर बँकेचं पत्र. साखळीतला एक करारनामा गहाळ असला की सौदा अडतो. मालक वारले आहेत, सोसायटीत मुलाचं नॉमिनेशन आहे, मुलगा म्हणतो मीच विकणार. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बहिणीही वारस आहेत, त्यांची सही किंवा हक्कसोडपत्र लागतं. हे टोकन घेण्याआधी लक्षात यायला हवं, दुय्यम निबंधकाच्या दारात नव्हे. माणूस आयुष्याची कमाई घालतो रे तिथे. हे शिकायला जुन्या मुरब्बी माणसाच्या शेजारची खुर्चीच लागते.

पण तिथेही डोळे मिटून जाऊ नकोस. पूर्ण झालेल्या एखाद्या सौद्याची फाइल दाखवा म्हण, नावं झाकून चालतील. कपाट उघडून पाच मिनिटांत फाइल निघाली आणि पावत्या तारखेनुसार लावलेल्या दिसल्या तर ऑफिस बरं. ब्रोकरेजचं बिल देतात का, की रोख घेऊन मोकळे होतात, तेही बघ. रेरा कायद्याच्या कलम १० प्रमाणे एजंटने हिशेब आणि कागदपत्रं ठेवलीच पाहिजेत. भाड्याच्या कामात करार रजिस्टर करतात की नुसत्या स्टॅम्प पेपरवर भागवतात, हेही विचार.

एका बाबतीत मात्र तडजोड नको. कुठल्याही ऑफिसात तुला ‘प्री-लॉन्च आहे, महारेरा नंबर येतोच आहे, तोवर चेक घेऊन ठेव’ असं सांगितलं तर त्याच दिवशी निघून ये. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातलं घर एजंटने विकणं हा गुन्हा आहे. दंड रोज १०,००० रुपये, आणि तो घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत चढतो. नंबर असलेल्या प्रकल्पातही करारनामा रजिस्टर होण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. ग्राहक उद्या तुझंच नाव सांगेल, ऑफिसचं नव्हे.

आता लेखी काय घ्यायचं ते. तुझा वाटा किती, तो पैसे आल्यावर किती दिवसांत मिळणार, आणि तू सोडून गेलास तर अर्धवट सौद्यांचं काय. सिमकार्ड कोणाच्या नावावर असेल तेही ठरव. कंपनीचं सिम असेल तर दोन वर्षं जोडलेली माणसं त्या नंबरवर फोन करत राहतील आणि उचलणारा दुसराच असेल. तुझ्या शाळेतले मित्र, काकांच्या ओळखीचे लोक हे तुझे ग्राहक, हेही कागदावर येऊ दे. नौपाड्याचे मालक जुन्या वळणाचे आहेत, ‘घरच्यासारखं आहे, कागद कशाला’ म्हणतील. नम्रपणे सांग की आत्याने सांगितलंय.

स्वतःची महारेरा नोंदणी आज लगेच नको. व्यक्तीसाठी फी १०,००० रुपये आणि मुदत ५ वर्षं. वर्षभर त्यांच्या नोंदणीखाली काम कर, मग घे. पहिले सहा महिने हातात फारसं काही पडणार नाही असंच धरून चाल. तुझ्या बाबांशी मी बोलते, ते तुला तेवढे दिवस खर्चाचं विचारणार नाहीत.

नौपाड्याच्या मालकांनी पत्र दिलं की सही करण्याआधी मला फोटो पाठव. रविवारी दुपारनंतर मी घरीच आहे.

तुझी,
आत्या