किल्ली कोणाच्या हातात?

१९८९ साली फॉर्म्युला वनमध्ये २० टीम आणि ३९ गाड्या होत्या. शर्यतीत जागा २६. म्हणून नव्या आणि मागे पडलेल्या टीमच्या १३ गाड्यांना शुक्रवारी सकाळीच आधी एक चाळणी पार करावी लागे, प्री-क्वालिफाइंग. त्यातल्या पहिल्या ४ पुढे, बाकीच्यांनी सामान आवरायचं. पद्धत निर्दयी होती, पण निकाल घड्याळ लावायचं.

आता जानेवारी २०२४ बघा. अमेरिकेच्या आंद्रेत्ती टीमचा अर्ज एफआयए या नियामक संस्थेने आधीच मंजूर केला होता. तरी व्यापारी हक्क सांभाळणाऱ्या फॉर्म्युला वन मॅनेजमेंटने नकार दिला. ही टीम स्पर्धेत टक्कर देऊ शकणार नाही, नुसत्या ११व्या टीमने खेळाचं मूल्य वाढणार नाही, असं कारण दिलं. एकही लॅप न मारता निकाल लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक या नावाला २०२६ साठी तत्त्वतः होकार मिळाला.

मला वाटतं, प्रवेशाच्या नियमात दोन वेगळे प्रश्न असतात. एक, ‘तुला जमतं का?’ दुसरा, ‘तू आलास तर आमचं किती जाईल?’ पहिला पात्रतेचा आहे, दुसरा सौद्याचा. सौदा करण्यात पाप नाही. फक्त त्याला पात्रता म्हणू नये.

आत असलेल्यांची बाजूही पोकळ नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये केटरहॅम आणि मारुशिया दोन्ही टीम आर्थिकदृष्ट्या कोलमडल्या आणि पुढच्या अमेरिकेतल्या शर्यतीला ग्रिडवर १८ च गाड्या उरल्या. अशा वेळी नोकऱ्या मेकॅनिक आणि इंजिनिअरांच्या जातात. त्यामुळे नव्या टीमने २० कोटी डॉलर भरायचे आणि ते जुन्या १० टीमनी वाटून घ्यायचे, ही आधीच्या करारातली अट मला लूट वाटत नाही. रक्कम मोठी असली तरी आधीच लिहिलेली होती. खटकतं ते हे, की ज्यांच्या उत्पन्नावर परिणाम होणार त्यांच्याच हातात दाराची किल्ली आहे.

ड्रायव्हरांचं गणित वेगळं आहे. सुपर लायसन्ससाठी साधारण ३ हंगामांत ४० गुण लागतात. २०२२ मध्ये रेड बुलला कोल्टन हर्टाला आपल्या दुसऱ्या टीममध्ये, अल्फाटौरीत घ्यायचं होतं. तोवर त्याने इंडीकारमध्ये ७ शर्यती जिंकल्या होत्या, पण गुण भरले ३२. एफ-टूमध्ये तिसरा आलात तरी ४० गुण. इंडीकारमध्ये तेव्हा दुसरा आलात तर ३०, तिसरा आलात तर २० मिळायचे. हा विनिमय दर ठरवते एफआयए, आणि एफ-टू ही तिच्याच शिडीची शेवटची पायरी. शेवटी हर्टाने २०२६ साठी इंडीकार सोडून एफ-टूत उतरायचं ठरवलं.

कॅम्पस प्लेसमेंट पाहिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. दहावी, बारावी, डिग्री, तिन्हीकडे ६० टक्के, नाहीतर टेस्टलाही बसता येत नाही. कोड कसा लिहितो हे कोणी बघतच नाही. अशा कटऑफचा मला राग येतो. पण त्यात एक गोष्ट चांगली आहे: आकडा आधी सांगितलेला असतो आणि सगळ्यांना तोच असतो.

म्हणून नियम न्याय्य आहे का हे तपासताना, तो किती कडक आहे यापेक्षा मी दुसरंच विचारतो. नकार मिळालेल्या माणसाला पुढच्या वेळी नेमकं काय करायचं, हे कळलं का? हर्टाला कळलं. रस्ता लांबचा आणि काहीसा तिरका होता, पण रस्ता होता. आंद्रेत्तीला ‘२०२८ मध्ये जीएमचं इंजिन घेऊन आलात तर वेगळा विचार करू’ एवढंच कळलं. ‘मूल्य वाढवा’ या अटीचा कटऑफ किती, हे कुठेच लिहिलेलं नाही.

घड्याळही पूर्ण निष्पक्ष नसतं, कारण वेग पैशाने विकत घेता येतो. एफ-टूपर्यंत पोचायलाच घरचे किंवा प्रायोजकांचे कोट्यवधी रुपये लागतात. तरी घड्याळाचा स्वतःचा त्या बक्षिसात वाटा नसतो. दार राखणाऱ्याकडून मला किमान एवढं हवं आहे.