तिने निवडलेला रस्ता

सर्व स्तुती अल्लाहसाठी आणि दरूद व सलाम प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर.

सहीह मुस्लिममध्ये हजरत अनस (रजि.) यांनी कथन केलेली एक घटना आहे. बुद्धीत काही बिघाड असलेली एक स्त्री प्रेषितांकडे (स.) आपले काम घेऊन आली. प्रेषितांनी तिला आदराने ‘अमुकची आई’ असे संबोधिले आणि कोणत्या रस्त्यावर बोलायचे, ही निवड तिच्यावरच सोपविली. तिचे काम पुरे होईपर्यंत ते तिच्यासोबत राहिले.

ही हदीस मी मदरशात शिकलो होतो. तिचा अर्थ मात्र पुढे एका वृद्ध शिक्षिकेने मला शिकविला. आमच्या मोहल्ल्यातील एक तरुणी कधी लहान बालिकेसारखी बोले, कधी वेगळेच नाव सांगे, आणि मधल्या तासांची तिला आठवण नसे. तिच्या आईने मला विचारले तेव्हा मी जिन्नाची बाधा समजून केवळ दम करून त्यांना परत पाठविले. दुआ करणे चूक नव्हते. तेवढ्यावर थांबणे चूक होते.

त्या शिक्षिकेने, जिला सारे खाला म्हणतात, तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेले. निदान झाले : डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर. बालपणी वारंवार झालेल्या भीषण अत्याचारांशी या विकाराचा बहुधा संबंध असतो. असह्य ते सोसण्यासाठी बालमन स्वतःचेच कप्पे करते. हे ढोंग नव्हे आणि पापही नव्हे. दीर्घकाळ चालणारी मानसोपचाराची संभाषणे हा त्यावरील मुख्य उपचार होय. औषधे सोबतच्या नैराश्यावर व चिंतेवर दिली जातात.

खालांनी डॉक्टरची जागा घेतली नाही. त्यांनी जुन्या जखमांची चौकशी केली नाही. समोर मुलीची जी अवस्था येई, तिच्याशी त्या सारख्याच मायेने बोलत. तमाशा म्हणून दुसरीला कधी बोलाविले नाही. मुलगी भांबावली की आजचा वार व ठिकाण शांतपणे सांगत. आपण केव्हा भेटू शकतो आणि केव्हा नाही, हे त्यांनी आधीच स्पष्ट केले होते. ऐकलेले सारे अमानत म्हणून जपले. मात्र मुलगी जीव देण्याचे बोलली, त्या दिवशी त्यांनी आईला व डॉक्टरांना तत्काळ कळविले. जीव वाचविणे ही अमानतीत खयानत नव्हे. अशा प्रसंगी टेलिमानसचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध असतो.

‘नमाज अदा केली की नाही, हेच आठवत नाही,’ असे सांगून मुलगी रडे. खालांनी तिला दटावले नाही. खूण करण्यासाठी एक छोटी वही दिली आणि प्रश्न माझ्याकडे आणला. शरीअतची जबाबदारी शुद्ध व समज यांच्याशी बांधलेली आहे. म्हणून डॉक्टरांचे म्हणणे समजून घेणाऱ्या जाणत्या मुफ्तींकडे मी त्यांना पाठविले.

आणखी एक गोष्ट घरच्यांसाठी. अत्याचार करणारा नात्यातला असेल, तर अब्रूखातर मुलीला त्याच्यासमोर बसविणे म्हणजे सब्र नव्हे. तो जुलूम आहे.

आज ती मुलगी पूर्ण बरी झालेली नाही. तिच्या संमतीने, ओळख वगळून, हे लिहीत आहे. खाला अजूनही दर जुम्याला तिच्यासोबत चालतात. रस्ता मुलगी निवडते.

हे अल्लाह, तुटलेल्या मनांना शिफा दे आणि त्यांचे म्हणणे पुरे होईपर्यंत थांबण्याचे धैर्य आम्हाला दे. आमीन.