मुद्देमालाचा निकाल

आमच्या तालुका कोर्टात दारूबंदीच्या केसचा निकाल वाचला जातो तेव्हा आरोपीचं लक्ष पहिल्या ओळीकडे असतं. शिक्षा की सुटका, एवढंच त्याला हवं असतं. शेवटच्या परिच्छेदाकडे कुणी ढुंकून बघत नाही. तिथे जवळपास ठरलेलं वाक्य असतं : मुद्देमाल निरुपयोगी असल्याने अपिलाची मुदत संपल्यानंतर नष्ट करावा. शिक्षा झाली तरी हेच वाक्य, पंच फितूर होऊन आरोपी सुटला तरी हेच. माणूस निर्दोष ठरतो, बाटली ठरत नाही.

दक्षिण कोकणात वकिली करणाऱ्याला या केसेस टाळता येत नाहीत. पत्रादेवी ओलांडली की गोवा. तिथला कर कमी, म्हणून दारू स्वस्त, आणि बाटलीवर छापलेलं असतं की ही फक्त गोव्यात विक्रीसाठी. अलीकडे बांदा, इन्सुलीचा तपासणी नाका. काजूच्या हंगामात तर गंमतच. सीमेपलीकडच्या बोंडूंची फेणी होते, तिला 2009 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. अलीकडच्या बागेतले तसेच बोंडू झाडाखाली कुजतात, आणि कुणी घरामागे भट्टी लावलीच तर ती मुंबई दारूबंदी कायद्याखालची केस. ‘मुंबई’च्या जागी आता ‘महाराष्ट्र’ आलं. कायदा 1949 चाच.

दारू पकडली गेली म्हणून ती परत मागायला माझ्याकडे आजवर कुणी आलेलं नाही. येतो तो गाडीवाला. कायद्यालाही हा फरक ठाऊक आहे. कलम 98 प्रमाणे दारू, भट्टी, भांडी, खोकी आणि माल वाहणारं वाहन, सगळंच सरकारजमा होऊ शकतं. पण लगेच पुढचं कलम 99 सांगतं की गुन्हा होतोय याची मालकाला कल्पना नव्हती असं दिसलं, तर वस्तू त्याला परत करावी. आमची सगळी धडपड या एका कलमाच्या आधाराने चालते.

माझ्या एका अशिलाचा टेम्पो असाच अडकला. ड्रायव्हरने मासळीच्या क्रेटखाली गोव्याची खोकी भरली होती. मालक घरी झोपलेला. टेम्पोवर फायनान्स कंपनीचं कर्ज, आणि गाडी उभी म्हणून कंपनी हप्ता थांबवत नाही. आरसी, विमा, कर्जाची कागदपत्रं, प्रतिज्ञापत्र लावून अर्ज टाकला. सरकारी वकिलांचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, आलं : सोडल्यास पुन्हा त्याच कामाला वापरली जाईल. बऱ्याच तारखांनी आदेश झाला. गाडी विकू नये, रंग बदलू नये, कोर्ट मागेल तेव्हा हजर करावी, एवढ्या रकमेचं बंधपत्र द्यावं.

आदेश घेऊन आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. ते कुठलं ते सांगत नाही, कारण अशी आवारं सगळीकडे सारखीच असतात. बॅटरी नव्हती, स्टेपनी नव्हती, दोन टायर रिंगवर बसले होते. हवालदाराने ताबा पावती पुढे केली. तीत आधीच टंकलेलं होतं : वाहन सुस्थितीत मिळाले, कोणतीही तक्रार नाही. अशिलाने माझ्याकडे बघितलं. ‘सायबानू, ह्याच्यार सय करूची काय?’ सही केल्याशिवाय गाडी बाहेर निघणार नव्हती. त्याने केली. क्रेनचं भाडं त्याचंच, बॅटरीही त्याचीच. भरपाईसाठी सरकारवर दावा लावायचा तर आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस, मग कोर्ट फी, मग तारखा. आणि समोर त्याच्याच सहीची पावती. तो मासळीच्या धंद्यातला शहाणा माणूस, त्याने हिशेब केला आणि विषय सोडून दिला.

ताब्यात घेतलेल्या मालाचं सरकार काय लागतं, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे फार पूर्वी आला. 1947 मध्ये मेरठला पोलिसांनी एका सराफाचं सोनं-चांदी संशयावरून ताब्यात घेतलं. तो सुटला, चांदी परत मिळाली. सोनं मात्र मालखान्याचा हेड कॉन्स्टेबल घेऊन पाकिस्तानात पळाला होता. 1964 मध्ये न्यायालय म्हणालं की जप्ती हे सार्वभौम सत्तेचं काम, त्यातल्या नुकसानीसाठी सरकारवर दावा चालत नाही. कस्तुरीलाल यांचा हा खटला कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही खटकतो. तीनच वर्षांनी जुनागढच्या ट्रकांचा खटला आला. तिथे कस्टमने ट्रक पकडले होते आणि जप्तीविरुद्धचं अपील चालू असतानाच ते बेवारस म्हणून विकून टाकले. न्यायालयाने सांगितलं की अपिलात हरलो तर माल परत द्यावा लागेल हे सरकारला ठाऊक असतं, तेव्हा तोवर तो नीट सांभाळणं हे त्याचं कर्तव्यच. बसव्वा पाटील या बाईंचे चोरीला गेलेले आणि सापडलेले दागिने पोलिसांच्या ताब्यातून नाहीसे झाले, तेव्हा सरकारने दहा हजार रुपये द्यावेत असा आदेश 1977 मध्ये झाला.

हे सगळं सोन्याचं, ट्रकांचं, दागिन्यांचं. दारूच्या वाट्याला यातलं काही आलं नाही, कारण दारूच्या मालकीचा निकाल त्याआधीच लागला होता. एफ. एन. बलसारा नावाचे मुंबईकर गृहस्थ पकडले जाण्याची वाट न बघता स्वतःच उच्च न्यायालयात गेले. व्हिस्की, ब्रँडी, बिअर, औषधी वाइन, यू-डी-कोलन हे सगळं बाळगण्याचा आणि वापरण्याचा आपल्याला हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं. त्या काळी मालमत्तेचा हक्क मूलभूत होता. 1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्क असलेली औषधं आणि सुगंधी द्रव्यं बंदीतून सोडवली, पिण्याची दारू मात्र सोडवली नाही. त्या रेषेच्या पलीकडची बाटली तेव्हापासून कायद्याच्या मर्जीवर कुणाची तरी असते. परवाना असेल आणि कर इथे भरला असेल तोवर ती तुमची, आणि नाक्यावर हात पडला की कुणाचीच नाही.

गांजाच्या बाबतीत तर हा प्रश्नच निघत नाही. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात जप्त माल खटला संपण्याआधीच नष्ट करायची सोय आहे. दंडाधिकाऱ्यासमोर यादी, फोटो आणि नमुने झाले की पुरावा म्हणून तेच पुरेसे. कलम 63 तर स्पष्टच म्हणतं की आरोपी सुटला तरी वस्तू सरकारजमा करायची की नाही हे कोर्ट वेगळं ठरवील. आता गंमत बघा. त्याच कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलांचे किंवा फळांचे शेंडे. बी आणि पानं, शेंड्यांसोबत नसतील तर, त्या व्याख्येत बसत नाहीत. मुळापासून उपटलेलं अख्खं झाड वजनकाट्यावर चढवलं आणि शेंडे वेगळे केले नाहीत, एवढ्यावरून आरोपीचा वकील वजनाच्या आकड्यावर शंका उभी करू शकतो, आणि एक किलोची छोटी मात्रा की वीस किलोची व्यापारी, यावर सगळी शिक्षा अवलंबून. पण सुटून आलेला माणूस माझी पानं परत द्या म्हणून अर्ज करत नाही. तसा अर्ज मी लिहायला घेतला तर माझाच कारकून हसेल.

एकीकडे एवढी काटेकोर यादी, तर दुसरीकडे 2022 मध्ये मथुरेच्या पोलिसांनी कोर्टाला सांगितलं की मालखान्यातला 581 किलो गांजा उंदरांनी खाल्ला. देशभर हशा झाला. मला त्यातली दुसरी बाजू जास्त बोचते. हेच सोन्याच्या बाबतीत घडलं असतं तर कुणीतरी भरपाई मागितली असती. इथे मागायला पुढे येईल असा मालकच नाही, म्हणून हिशेब मागणारंही कुणी नाही.

सगळीकडे असं नाही. कॅनडात 2018 पासून प्रौढांना गांजा जवळ बाळगता येतो. तिथल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात जप्त झालेल्या गांजावर किंवा दारूवर हक्क सांगून ती परत मागण्याची, किंवा भरपाई मागण्याची कायद्यात वाट आहे. हे आपल्याकडे जसंच्या तसं आणावं असं मी म्हणणार नाही. 2015 च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. पकडलेल्या कॅनमध्ये काय आहे हे प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत कुणालाच ठाऊक नसतं. असा माल परत देण्यापेक्षा खड्ड्यात ओतलेला बरा, आणि ओतायचाच तर तो लवकर ओतावा. मालखान्यात वर्षानुवर्षं पडलेली दारू कुणाच्या ना कुणाच्या घशात जाते.

सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये सुंदरभाई देसाई खटल्यात हेच सांगितलं : दारूचा पंचनामा करा, नमुना ठेवा, बाकीची लगेच निकालात काढा, वाहनं फोटो काढून, बंधपत्र घेऊन मालकाला द्या, ठाण्यात सडवू नका. अमली पदार्थांच्या केसमध्ये वाहन सुटतच नाही, असं बरीच कोर्टं मानत आली. 2025 च्या जानेवारीत आसाममधल्या एका ट्रकमालकाच्या अपिलात, कायद्यात तशी सरसकट बंदी नाही, हेही स्पष्ट झालं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 497 ने मुदतीच घालून दिल्या. कोर्टापुढे माल आल्यावर 14 दिवसांत त्याचं वर्णन, फोटो आणि व्हिडिओ, आणि त्यानंतर 30 दिवसांत विल्हेवाटीचा आदेश.

गाडी सोडण्याच्या अर्जात मी आता एक कलम जादा टाकतो. जप्तीच्या दिवशी काढलेले फोटो अर्जासोबत जोडावेत, ताबा देताना बॅटरी, टायर, स्टेपनी, टेप यांची स्थिती त्या फोटोंशी ताडून लिहावी, आणि ‘सुस्थितीत’ हा शब्द आधी टंकलेला नसावा. सरकारी वकील क्वचित हरकत घेतात. काही आदेशांत ही मागणी मंजूर झालेली दिसते, काहींत तिच्याबद्दल एक अक्षरही नसतं, आणि मग पावती पुन्हा जुनीच पुढे येते.