वडा फुकट वाटणारा मॅनेजर

बल्लारपूरच्या स्टेशन रस्त्यावर एका बाईंची आलूबोंड्याची गाडी होती. मुलाने नागपूरला हॉटेल मॅनेजमेंट केलं, पुण्याच्या मोठ्या हॉटेलात लागला. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये नोकरी गेली आणि तो घरी परतला. निर्बंध उठल्यावर आईने गाडी पुन्हा लावली, पण हा घरातच बसून राहिला.

"मामाजी, टाय लावून काम केलं मी. आता गाडीवर उभा राहू? पोट्टे हसतील."

पेपर मिलमधून निवृत्त झालेले मामा म्हणाले, "हसू दे ना बाबू. तो लंडनवाला सोहनी तुले माहीत हाये का?"

सुजय सोहनी वांद्र्याच्या रिझवी कॉलेजात शिकले आणि लंडनच्या पंचतारांकित हॉटेलात खानपान विभागाचे मॅनेजर झाले. 2009 च्या मंदीत नोकरी गेली. वडापाव घ्यायलाही पैसे नाहीत, असं ते कॉलेजातले मित्र सुबोध जोशी यांना म्हणाले आणि त्या बोलण्यातूनच दोघांना वडापावचा धंदा सुचला, असं सांगतात. जागा मात्र मिळेना. शेवटी हाउन्स्लोतल्या एका पोलिश आइस्क्रीम कॅफेत दोन टेबलांपुरता कोपरा मिळाला, महिना 400 पाउंड भाड्याने. त्या कॅफेवाल्याचं मला फार मोल वाटतं. अनोळखी माणसांच्या अनोळखी पदार्थाला त्याने जागा दिली. 2010 मध्ये तिथे वडापाव सुरू झाला, एक पाउंडाला एक. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा दोघांनी रस्त्यावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला वडा फुकट चाखायला दिला. 'श्रीकृष्ण वडापाव'ची पुढे लंडनमध्ये आणखी दुकानं निघाली.

"मॅनेजर होता तो," मामा म्हणाले, "तरी रस्त्यावर उभा राहिला. तुले तं आईच्याच गाडीवर उभं राहाचं हाये."

दुसऱ्या दिवशी पोरगा गाडीवर आला. पार्सल घेणारे बहुतेक रेल्वे पकडायच्या घाईत असतात आणि तर्री पिशवीत सांडते, हे आधी त्याच्या लक्षात आलं. त्याने तर्री वेगळ्या झाकणाच्या डब्यात द्यायला सुरुवात केली, सुट्टे पैसे आधीच मोजून ठेवले, जुनं तेल पुन्हा कढईत घालणं बंद केलं. हे सगळं तो पुण्याच्या हॉटेलातच शिकला होता. महिनाभरात आईला मदतीला आणखी एक बाई ठेवावी लागली.

"एवढं शिकून गाडीच लावली का?" असं त्याला अजूनही लोक विचारतात. निदान आपण तरी हे विचारू नये. आलूबोंडा घ्यावा, आवडला तर तोंडावर सांगावं.