पानासमोरचा अतिथी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

श्रीदत्तात्रेयांच्या मूर्तीचे दर्शन घेताना भाविकाची दृष्टी प्रथम तीन मुखांवर आणि पाठीशी उभ्या असलेल्या गोमातेवर स्थिरावते. मग ती श्रीचरणांकडे वळते. तेथे चार श्वान आहेत. गाय म्हणजे पृथ्वी आणि चार श्वान म्हणजे चार वेद, असा या रूपाचा अर्थ परंपरेने सांगितला जातो. भाविक त्या श्वानांनाही मनोभावे नमस्कार करतो. दर्शन आटोपल्यावर तोच भाविक झाडाखाली शिदोरी सोडून बसतो, तेव्हा एक जिवंत श्वान समोर येतो, शेपूट हलवितो आणि हातातील घासाकडे एकटक पाहू लागतो. या वेळी मात्र हात जोडले जात नाहीत. ते दगड शोधू लागतात.

ज्यांच्या घरी श्वान पाळलेला आहे, त्यांनाही हा अनुभव नित्याचा आहे. धनी पानावर बसला की श्वान शेजारी येऊन बसतो. त्याचे स्वतःचे खाणे झालेले असले, तरी तो प्रत्येक घासाबरोबर मान वर-खाली करतो आणि मधूनच पंजा गुडघ्यावर ठेवतो. काहींना त्याचा राग येतो, तर काही जण दया येऊन ताटातील उष्टे त्याच्यापुढे टाकतात. या दोहोंपैकी धर्म कोणता, हा प्रश्न लहान वाटला तरी आपल्या पूर्वजांनी तो लहान मानलेला नाही.

गृहस्थाने नित्य करावयाचे पाच यज्ञ शास्त्रात सांगितले आहेत: ब्रह्मयज्ञ, देवयज्ञ, पितृयज्ञ, भूतयज्ञ आणि मनुष्ययज्ञ. यांतील भूतयज्ञ म्हणजे प्राणिमात्रांना अन्नाचा भाग देणे. वैश्वदेवानंतर काकबली व श्वानबली काढण्याची प्रथा यातूनच आली. श्वानबली देताना यमाच्या श्याम व शबल या दोन श्वानांचे स्मरण केले जाते. जेवणापूर्वी पानाच्या उजव्या बाजूस चित्राहुती घालण्याची रीत अनेक घरांत आजही आहे. या सर्व आचारांत ध्यानात घ्यावयाची गोष्ट एकच: हा भाग भोजनापूर्वी काढला जातो. जे उरले ते द्यावे असे शास्त्र म्हणत नाही. दिल्यानंतर जे उरेल ते आपण सेवन करावे, असे ते सांगते.

या आचरणाचा परमोच्च आदर्श श्रीमद्भागवताच्या नवव्या स्कंधात रंतिदेव राजाच्या कथेत आढळतो. रंतिदेव आपल्या कुटुंबासह 48 दिवस उपाशी होता. पाणीदेखील मिळाले नव्हते. पुढील दिवशी सकाळी त्याला तूप, खीर, सांजा आणि पाणी प्राप्त झाले. अन्न मुखी घालणार, तोच एक ब्राह्मण अतिथी आला. राजाने त्याला आदराने भोजन दिले. उरलेले अन्न कुटुंबीयांना वाटून घ्यावे, तो एक शूद्र अतिथी आला. त्यालाही राजाने तृप्त केले. त्यानंतर श्वानांचा मेळा घेऊन तिसरा अतिथी दारी उभा राहिला. आपण आणि आपले श्वान भुकेले आहोत, अन्न द्यावे, अशी याचना त्याने केली. राजाने उरलेले सर्व अन्न त्याला दिले. एवढेच नव्हे, तर त्या श्वानांना आणि त्यांच्या धन्याला त्याने नमस्कार केला.

हा नमस्कारच या कथेचा गाभा होय. उपाशी राजाच्या मनात श्वानांविषयी तुच्छता आली असती, तरी लोकांनी त्याला दोष दिला नसता. परंतु त्याने त्यांना हाकलले नाही आणि उपकाराच्या भावनेने तुकडाही फेकला नाही. त्यांच्या ठायी श्रीहरी आहे, या भावनेने त्याने अन्न अर्पण केले. शेवटी केवळ एका जीवापुरते पाणी शिल्लक होते. तेही त्याने तहानेने व्याकूळ होऊन आलेल्या चौथ्या याचकास दिले. त्याने सिद्धी मागितल्या नाहीत, मोक्षही मागितला नाही. सर्व जीवांचे दुःख आपल्या वाट्यास यावे आणि ते सुखी व्हावेत, हीच त्याची इच्छा होती. तेव्हा परीक्षा पाहण्यासाठी याचकरूपाने आलेले त्रिभुवनाचे अधीश त्याच्यासमोर प्रकट झाले.

आपल्या संतांनी हेच आचरून दाखविले. पोळी पळविणाऱ्या श्वानामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे श्रीनामदेव महाराज सर्वांच्या परिचयाचे आहेत. श्रीसाईबाबांच्या चरित्रातही एक प्रसंग आहे. शिर्डीत एका भक्त स्त्रीने दुपारच्या जेवणाच्या वेळी आलेल्या भुकेल्या श्वानाला तत्काळ उठून भाकरीचा तुकडा घातला. नंतर ती मशिदीत गेली, तेव्हा तिने घातलेल्या त्या घासाने आपण तृप्त झालो, असे बाबांनी तिला सांगितले.

महाराष्ट्राच्या लोकधर्मात तर भक्तच स्वतःला देवाचा श्वान मानतो. खंडोबाचा वाघ्या हाती कोटंबा घेऊन मल्हारीच्या नावाने भिक्षा मागतो. मागणाऱ्याच्या या रूपात लाज नाही, कारण एकाच धन्याचे दार धरून बसणे हा त्याचा धर्म आहे. भाविक गाभाऱ्यासमोर उभा राहतो, तेव्हा तोही दुसरे काय करीत असतो? पोट भरलेले असते, घरी सर्व काही असते, तरी तो आणखी काही मागतो. भगवंत त्याच्यावर दगड उगारीत नाही. हे ज्याच्या ध्यानात आले, त्याचा हात पानासमोर बसलेल्या मुक्या जीवावर उठणार नाही.

मात्र दयेला विवेकाची जोड हवी. जेवता जेवता ताटातील घास टाकत राहिल्याने श्वानास हव्यासाची सवय लागते. पुढे तो लहान मुलांच्या हातातील खाऊवरही झेप घेतो आणि मग त्याच्याच वाट्यास मार येतो. याकरिता त्याचा भाग आधी काढावा आणि वेगळ्या भांड्यात, रहदारीपासून दूर, ठराविक जागी ठेवावा. साधी पोळी, भाकरी किंवा भात द्यावा. प्रसादाचा शिरा प्रेमाने दिला जातो. परंतु त्यातील बेदाणे, तसेच मनुका व द्राक्षे, यांनी श्वानाच्या मूत्रपिंडास गंभीर अपाय होऊ शकतो. कांदा, लसूण आणि चॉकलेट हेही त्याला बाधक आहेत. खाऊच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या उघड्यावर टाकू नयेत. अन्नाच्या वासाने मुके प्राणी त्या गिळतात. जवळ पिण्याचे पाणी ठेवणे, हेही मोठे पुण्यकर्म आहे.

अन्नदानासाठी उदार हस्ते साहाय्य करणाऱ्या दात्यांनी आणि दूरदूरहून येणाऱ्या यात्रेकरूंनी घरी परतल्यावर एवढा एक नेम अवश्य करून पाहावा: पहिला घास मुखी घालण्यापूर्वी एक घास मुक्या जीवासाठी बाजूला काढावा. त्याला फार द्रव्य लागत नाही आणि मुहूर्तही लागत नाही. श्रीचरणांजवळील चार श्वानांना केलेला नमस्कार त्या घासाने पूर्ण होईल.

॥ श्रीदत्तार्पणमस्तु ॥